चौथ्या शब्दाची कविता

पप्पा, या उत्तम शुक्रवारी मी सांगलीच्या चर्चमध्ये मम्मीवरची कविता वाचली. शेवटची ओळ माझी वाचली, तुमची नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणून हे शांतपणे सांगता येतं आहे.

ती कविता लिहिली तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि मम्मीला जाऊन तीन महिने झाले होते. दवाखान्याच्या लॅबमधून आलात की तुम्ही साताऱ्याच्या त्या अरुंद स्वयंपाकघरात उभ्यानेच चहा करायचात आणि रविवारसाठी रचलेल्या गाण्याची ओळ ओट्यावर बोटांनी वाजवून पाहायचात. अक्षर जास्त झालं की बोट थांबायचं. ओळ मोजायला मी तिथेच शिकले. त्या संध्याकाळी मी वही तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही वाचताय, चहा उतू जातोय, तुमचं लक्ष नाही, आणि मला वाटतंय की कविता आवडली. मम्मी आजारी असताना मंडळीतल्या बायकांनी आपल्या घरी साखळी प्रार्थना धरली होती. एकीने तासभर प्रार्थना करायची, मग दुसरीने तिच्या जागी बसायचं, तीन दिवस खंड पडू द्यायचा नाही. त्यावर मी लिहिलं होतं:

बाया आल्या, आळीपाळीनं बसल्या,
तुझ्या पायी हाका ठेवून उठल्या;
त्यात एक माझी होती, बापा, तीही
तुला ऐकू आली, की आलीच नाही?

"तीन ओळी चांगल्या आहेत. चौथी बदल," तुम्ही म्हणालात.

"का?"

"देवाशी असं बोलतात का? मी पंच आहे मंडळीचा. लोक म्हणतील, यांच्या घरातच विश्वास नाही."

"पण मला खरंच माहीत नाही, पप्पा."

"मग माहीत होईपर्यंत वाचू नकोस."

आणि खिशातलं पेन काढून तुम्ही माझ्या ओळीवर काट मारलीत. खाली लिहिलंत: ऐकली तू हाक, शंका मुळी नाही. बारा अक्षरं, यमकासकट. रविवारी मी ती वाचली. मंडळी एका आवाजात आमेन म्हणाली, बायकांनी डोळ्यांना पदर लावला, आणि घरी परतताना तुम्ही ते पेन मला भेट दिलंत. मी खोटं बोलले होते आणि त्याचं मला बक्षीस मिळालं होतं. त्यानंतर बारा वर्षं मी कविता लिहिली नाही. चर्चला येत राहिले ते तुमच्यासाठी. तुम्ही गेलात आणि तेही सुटलं.

आता मी सांगलीत मोजमापाची उपकरणं तपासते. हळदीच्या गोदामातले वजनकाटे, कारखान्यांमधले दाबमापक. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी एका काट्याचं प्रमाणपत्र केलं आणि साहेबांनी ते परत माझ्या टेबलावर टाकलं. साहेब पाच वेळा नमाज पढणारे, तासगावकडचे, बोलायला तिखट. "आवं मॅडम, ह्यात चूक किती असू शकते ते कुठं लिवलंय? काटा म्हंजे काय देव लागून गेला?" सगळे हसले. मीही हसले. पण त्यांचं म्हणणं आमच्या कामाचा पहिला नियम होता: आपल्याला कितपत खात्री नाही हे ज्या मापाबरोबर लिहिलेलं नसतं, ते माप धरायचं नसतं. तो आकडा लिहिल्याने माप कमी ठरत नाही. लिहिला म्हणूनच त्यावर विसंबता येतं. त्या दिवशी प्रमाणपत्र दुरुस्त करताना मला तुमची ओळ आठवली. शंका मुळी नाही. तसं प्रमाणपत्र मी कधीच सही करून दिलं नसतं.

मग मी इथल्या चर्चमध्ये जाऊन मागे बसू लागले. दोन रविवार, मग दर रविवार. वहीही उघडली. या वर्षी उत्तम शुक्रवारच्या आधी पाळकसाहेबांनी मला दारातच गाठलं. क्रूसावरचे सात शब्द, म्हणजे ख्रिस्ताची शेवटची सात वाक्यं, त्या दिवशी सात जण मांडतात, आणि चौथा मांडणारे गुरुजी आजारी पडले होते. "चौथा कुणी घेत नाही," ते म्हणाले. "ख्रिस्त स्वतःच विचारतो, माझ्या देवा, तू मला का सोडलंस, आणि वरून उत्तर येत नाही. दहा मिनिटं काय बोलायचं? तुम्ही इंजिनिअर, अवघड काम तुम्हाला."

"मी बोलणार नाही. चार ओळी वाचीन. शेवट बदलणार नाही."

"शेवट काय आहे?"

मी म्हणून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चौथ्या शब्दाला हेच वाचा," म्हणाले.

दुपारचा एक वाजलेला, बाहेर कडक ऊन, उपाशी माणसं, पंखे नुसते गरम वारा फिरवताहेत. मी उभी राहते. पहिल्या तीन ओळी नीट जातात. चौथीपाशी अडखळते, कारण तुमची ओळ मला अजून पाठ आहे आणि तीच आधी ओठांवर येते. मी थांबते. मग माझी वाचते. आमेन म्हणत नाही, तशीच उभी राहते. मंडळीतूनही आमेन येत नाही. मला वाटतं, संपलं. आता इथेही जागा नाही. तेवढ्यात चटईवर बसलेली एक म्हातारी, नदीकाठच्या खेड्यातून आलेली, मोठ्याने म्हणते, "व्हय गं बाई! आमीबी ह्येच इचारतो. कवापास्नं इचारतोय."

मागून कुणीतरी आमेन म्हणालं. मग सगळी मंडळी म्हणाली, आणि या वेळी ते मी लिहिलेल्या ओळीला होतं.

बाहेर म्हातारीने माझा हात धरला. "आई गेली व्हय तुजी? माजा ल्योक गेला. तवा मला कुणी इचारू दिलं न्हाई, म्हनले, पाप लागंल. ह्येचं गानं करा की." पाळकीणबाईंनी चाल बसवली. गेल्या रविवारी पेटीवर सगळ्यांनी ते म्हटलं. भरलेलं चर्च, पप्पा, आणि शेवटची ओळ दोनदा, दुसऱ्यांदा वरच्या पट्टीत. मी त्यात गात होते. उत्तर मला अजून माहीत नाही. पण मी कुणाला तरी विचारते आहे याबद्दल आता मला शंका नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते वहीतच ठेवलं असतं. एक गोष्ट राहिली. त्या शुक्रवारी मी सगळ्या मंडळीकडे बघून वाचलं. पंच बसतात त्या बाकाकडे मात्र एकदाही पाहिलं नाही. तिथे तुम्ही नसणार, हे मला पक्कं माहीत होतं.