पहिल्या चाचणीतले एक्क्याऐंशी

१२ जून, सकाळी
मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर पहिला दिवस. खुर्ची डावीकडे कलते. याच खात्यात शिपाई म्हणून लागलो तेव्हा बसायला स्टूलही नव्हतं. रात्रीच्या कॉलेजातून इथवर आलो. कलली तर कलली.
शाळा सरकारी, लहान आणि पर्यायी. पर्यायी म्हणजे बाकीच्या शाळांनी हात टेकले की मुलं इथे. इमारत जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची. भिंतीतल्या केबलच्या भोकांतून केबिनमध्ये सगळे वर्ग ऐकू येतात. माझे कान मुळातच तिखट.

१४ जून
मुलांचा पाय चार्ट काढला, प्रत्येक प्रकाराला वेगळा रंग. विद्यार्थी अडतीस. निम्मे कमावते, चौघी लेकुरवाळ्या. 'तीन शाळा' या टोपणनावाची एक मुलगी आहे, तीन शाळांनी काढून टाकलेली. 'रात्रपाळी' रात्रभर बेकरीत राबतो आणि पहिल्या तासाला घोरतो. अडतिसांत एकाला ताप आला तरी हजेरी अडीच टक्क्यांनी पडते.
गणिताच्या बाईंनी विचारलं, घोरणाऱ्याला कुठला रंग दिलात? म्हटलं, राखाडी. चार्टकडे बघत तासाला गेल्या. प्रभावित असाव्यात.

१९ जून
खात्याचा बॉम्ब. यंदा शाळेची प्रगती मोजणार. जुलैत नेहमीची चाचणी, मार्चमध्ये दुसरी. प्रगती पटली नाही तर शाळा बंद, मुलं रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत. निम्म्यांना तिथूनच तर हाकललंय. रात्रपाळी म्हणाला, तिकडे जाण्यापेक्षा मी कायमची बेकरीच धरीन.
मी असताना? शक्य नाही. संकल्प: जुलैतच खात्याचे डोळे दिपवायचे.

२३ जून
चाचणीचा पेपर दर वर्षी तोच असतो. हे ज्ञान खात्याच्या कँटीनमध्ये कान उघडे ठेवून मिळवलं. जुना पेपर कपाटात निघाला. उत्तरं फळ्यावर लिहून दिली, पाठ करा म्हटलं. ही कॉपी नव्हे. सराव.
बाई म्हणाल्या, सर, ही चाचणी मुलं आत्ता कुठे आहेत ते बघायला असते. म्हटलं, मग पुढे दिसलेली बरी की मागे?

२ जुलै
पाठांतर जोरात. एका लेकुरवाळीचं बाळ कडेवर बसून 'ब, ब' करतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर.
बाई शिपायाला म्हणत होत्या, यांना कुणीतरी आवरा. माझ्या वेगाने लोक भांबावतात, हे पहिल्यापासूनचं आहे. घरी हीसुद्धा म्हणाली, कधी दुसऱ्याचं ऐकून घ्यावं. दिवसभर आणखी काय करतो मी?

२० जुलै
सरासरी एक्क्याऐंशी!! गेल्या जुलैत तेहतीस. खात्यातल्या साहेबांचा फोन. नक्की तुमचीच शाळा ना, असं दोनदा विचारलं. बाईंना काहीतरी बोलायचं होतं. म्हटलं, आता मार्चनंतर.

४ नोव्हेंबर
माझं काम झालंय, आता बाईंना मोकळीक. त्यांनी गणिताचा तास दुपारी ढकलला. रात्रपाळी जागा असतो. मी तेच सुचवणार होतो.

२ मार्च
दुसरी चाचणी. पेपर नवा निघाला. खात्याची बेइमानी.

२४ मार्च
सरासरी चोपन्न. बाई चक्क खूश, इतके गुण कधीच पडले नव्हते म्हणे. मग त्यांनीच खुर्ची ओढून मला समजावलं की खातं दोन आकड्यांतला फरक बघतं. एक्क्याऐंशीवरून चोपन्न.
हे आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. बाई खुर्ची जागेवर ठेवून तासाला गेल्या.
जेवलो नाही.

३ एप्रिल, दुपारी
साहेब आले. भर वर्गात विचारलं की मुलं इतकी हुशार येतात, मग वर्षभर तुम्ही त्यांचं करता तरी काय? मी पाय चार्ट उलगडला. म्हटलं, साहेब, माल कसा येतो तेही बघा.
मग 'ब, ब'वाल्या बाळाची लेकुरवाळी उठली, बाळ कडेवर. "साहेब, जुलैची उत्तरं सरांची होती. आत्ताची आमची आहेत."
तीन शाळा बसल्या जागेवरून म्हणाली, "खोटं वाटत असेल तर घाला गणित."
साहेबांनी घातलं. तिने सोडवलं. मी मनातल्या मनात करत होतो, माझं वेगळंच आलं. खडूचा आवाज असला की लक्ष लागत नाही.

१७ एप्रिल
आदेश. शाळा चालू राहणार! जुलैची चाचणी रद्द, त्याआधीच्या वर्षीचे तेहतीस धरणार. म्हणजे एकवीस गुणांची वाढ, तीही माझ्या कारकिर्दीत.
माझी बदली फर्निचर गोदामात. अनुभवी माणूस हवा असणार.

१८ एप्रिल
वर्गाचा निरोप घेतला. लेकुरवाळी दारापर्यंत आली. तिची बोर्डाची परीक्षा आहे. तिने अगदी मनापासून विचारलं, "सर, तुम्ही शिपाई होतात ना? मग एवढ्या परीक्षा कशा पास झालात?"
म्हटलं, रोज रात्री बसून, एकेक उत्तर स्वतः काढून.
ती मान हलवून आत गेली. आत्ता लिहून झाल्यावर माझंच उत्तर पुन्हा वाचलं.