ओळख मागणारं इंजिन

७ जानेवारी, रविवार. सकाळी ८.
संकल्प: माझ्या ब्रिटिश टू-सीटर गाडीचं साठ वर्षांचं इंजिन काढून नवं बसवणे. मुदत दोन रविवार. भंगारवाल्याकडे चार वर्षांचं इंजिन मिळालं. ज्या गाडीतलं, ती उभी असताना मागून ट्रकने उडवलेली, पुढे ओरखडाही नाही. चालवणारी मुलगी गेली, हे त्याने उगाच सांगितलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बायको म्हणाली, भुतंही तुझ्यावर ठेवणार नाहीत, गेल्या वर्षी नळ बदलणार होतास.

२१ जानेवारी.
इंजिन चपखल बसलं. फक्त बॉनेट मिटत नाही. शिवाय एक्झॉस्टचा पाइप आणि स्टिअरिंगचा दांडा यांना एकच जागा हवी आहे. मोजमाप बरोबर होतं. गाडी चुकीची निघाली.

४ फेब्रुवारी.
बॉनेटला भोक पाडलं. हवा खेळती राहील. पाइप वाकवला. स्टार्टर फिरतो, इंजिन पेटत नाही. इलेक्ट्रिशियन म्हणाला, साहेब, याच्या कॉम्प्युटरला मूळ गाडीची किल्ली लागते. तिच्यातली चिप ओळखीची निघाली तरच पेट्रोल सोडतो. म्हणजे इंजिन मालकिणीला शोधतंय, असं म्हणून मी हसलो. एकटाच.

१८ फेब्रुवारी.
भंगारवाल्याने पत्ता दिला: मुलीच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान. भाषण पाठ होतं: आधी सांत्वन, मग तंत्र, मग किल्ली. तोंडातून तंत्रच आधी निघालं. एका दांडीचा स्क्रू आवळत ते ऐकत राहिले. म्हणाले, किल्ली देणार नाही, दर रविवारी घेऊन येईन. सुरू झाली की एकदा आवाज ऐकवा. तिची गाडी कोपऱ्यावर वळली की आवाजानेच कळायचं, तिची आई गॅस पेटवायची. मी म्हणालो, येत्या रविवारी नक्की.

२५ फेब्रुवारी. सकाळी १०.
चष्मेवाले शेजारच्या सीटवर. किल्ली लावली. तिच्या गाडीचा मीटर जोडलाय, तो उजळला आणि टिंग, टिंग: बेल्ट लावा. माझ्या गाडीला बेल्टच नाहीत. ते म्हणाले, ती न विसरता लावायची. मी म्हणालो, सेन्सर असतो. इंजिन गप्प. कारण किरकोळ: जास्तीच्या समजून कापलेल्या चौदा वायरी जास्तीच्या नव्हत्या. प्रगती समाधानकारक.

१४ मार्च, गुरुवार.
ऑफिसला निघताना गॅरेजमधून टिंग, टिंग. बॅटरी तर काढून ठेवलीय. कान दाखवणे.

१७ मार्च.
चष्मेवाल्यांनी माझ्यासाठी जवळचा चष्मा आणला. म्हणाले, वायरी अंदाजाने जोडताय. माझी नजर उत्तम आहे. घालून पाहिला. वायरींवर बारीक पट्टेही असतात, असं दिसलं.
चहा घेताना ते बायकोला म्हणाले, घरी पोचलो की आमची ही विचारते, झाली का सुरू? मी म्हणतो, पुढच्या रविवारी. मग दोन घास खाते. आधी ताट सरकवून द्यायची.
बायको दिवसभर माझ्याशी बरं बोलली. काळजी वाटते.

३१ मार्च.
तेरा वायरी जोडल्या. चौदावी सापडत नाही. चष्मेवाले म्हणाले, घाई नाही. गिऱ्हाइकाने इतकं समजूतदार असावं.

२१ एप्रिल. सकाळी १०.२०.
चौदावी वायर सापडली. पेटलं. पहिल्याच फटक्याला.
चष्मेवाले ताठ झाले. गाडीत बसलेले, पण मान वळवून बघत होते कोपऱ्याकडे. मीही बघितलं. रस्ता रिकामा होता. मग त्यांनीच किल्ली फिरवून बंद केलं. म्हणाले, हाच. आणि किल्लीवरचा हात न काढता: आता घरी काय सांगू?
उतरलो, बॉनेट उघडलं, हाताला लागली ती वायर उपटली. कुठली, असं त्यांनी विचारलं. म्हणालो, बघावं लागेल, चष्मा आत राहिलाय.
ते किल्ली खिशात घालून नेहमीसारखे गेले.

१०.४५.
आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचला असणार. बायको हात पुसत दारात आली, माझ्या हातातली वायर बघितली. परत आत गेली.
नोंद: इंजिन सुरू झालं नाही.