आबांच्या केबिनचं दार

३ डिसें. ९६, काष्टी

आज आबांच्या एसटीडी बूथवर गेले. कुणाला सांगता येत नाही म्हणून इथं लिहिते.

गेल्या महिन्यात विहारात ठराव झाला होता, वस्तीतल्या कुणी त्यांच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. गायरानावरची आमची घरं हटवा, असा अर्ज आबांनी तहसीलला दिलाय. वर चौकात माइक घेऊन आम्हाला फुकटे म्हणाले. ठरावाला पहिला हात माझा. संताप अजून गेलेला नाही.

पण भा.ना फोन करायचा होता. भास्कर, नाशिकला पोस्टात. त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली, माझे हे जाऊन पाच. लग्नाचं विचारलंय त्यांनी पत्रातून. गावात दुसरा फोन मिलिंदभाऊंच्या, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांच्या दुकानात. काउंटरवरच, गूळ आणि साबणाच्या मधोमध. भोवती कायम पाच-सहा जण बसलेले. तिथं बोलले तर माझं ठरायच्या आत वस्तीचं ठरून जाईल. हे एक मला माझं मी ठरवायचंय.

आबा स्वतः बसले होते. तालुक्यात पाच बूथ, पक्षाचे तालुकाध्यक्ष, तरी खुर्ची सोडत नाहीत. म्हणाले, "दार घट्ट लावा, बाई. त्याबिगर आतला पंखा लागत न्हाई." मग बाहेर रेडिओ मोठा केला. बाईमाणूस आत गेलं की असंच करतात म्हणे. नंतर मशीनमधून लावलेल्या नंबराच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या. एक मला दिली, त्यांच्याकडची माझ्यासमोर फाडली. आभार मानले नाहीत मी. का मानू?

भा.ना "विचार करतेय" एवढंच म्हटलं. आवाज चांगला आहे.

९ डिसें.

परत गेले. ज्या माणसानं आम्हाला फुकटे म्हटलं त्याचा धंदा मी चालवतेय. मिलिंदभाऊ वस्तीसाठी जीव टाकतात आणि त्यांच्या दुकानात माझी एक गोष्ट झाकून राहणार नाही. कुणाचं काय धरायचं? दिवसभर वर्गात चिडचिड. पोरांना उगाच पाढे लिहायला लावले.

१७ डिसें.

हो म्हटलं. केबिनमध्ये, दार लावून, मोठ्यानं. भा.नी ते परत एकदा म्हणायला लावलं. बाहेर आले तर आबा पेपरात तोंड घालून. पाय जमिनीवर नव्हते माझे. घरी येऊन भाकरी करपवल्या. सासूबाई म्हणाल्या, "ध्यान कुठं हाय तुझं?"

नाशिकला, म्हणायचं होतं.

२१ डिसें.

आजचं सगळं लिहायलाच हवं.

विहारात बोलावलं. कुणीतरी मला बूथवरून उतरताना पाहिलं होतं. मिलिंदभाऊ उभे राहिले. "वहिनी, ठरावाला पैला हात तुमचा व्हता. आन् तुमीच तिथं जाता. कुनाशी बोलता त्ये सांगा."

इथंच सगळं फुटणार, अशी भीती वाटली.

मागून एक म्हातारबा म्हणाले, "त्या आबालाच इचारा की."

"इचारलं," मिलिंदभाऊ म्हणाले. "काल गेल्तो मी. म्हनलं, वहिनी फोन करती तो नंबर तेवढा द्या. तर म्हनला, दारामागचं मी कुनाला सांगत न्हाई, घरच्यांला तर मुळीच न्हाई. लई ताठ मानूस."

आधी माझी भीतीच गेली. मग डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, "म्हणजे मिलिंदभाऊ, पायरीवर तुम्हीही पाय ठेवलात?"

बायकांच्या बाजूनं हसू फुटलं, मग सगळं विहार हसलं, शेवटी मिलिंदभाऊही. त्या हसण्यातच मी उठून सांगून टाकलं, मी लग्न करतेय. नाशिकचे आहेत, पोस्टात आहेत, मी हो म्हटलंय. विचारत नाहीये, सांगतेय.

मग सासूबाई. "येवढ्यासाठी त्या आबाकडं गेली व्हय? मला म्हनली असती तर दुकानातली समदी उठवून बाहेर बसवली असती म्या."

रडले मी, सगळ्यांसमोर. लाज वाटली नाही. जिंकले आज.

२९ डिसें.

भा. येऊन गेले. सासूबाईंनी त्यांना दोन तास प्रश्न विचारले आणि तिसऱ्यांदा वाढलं, म्हणजे पास. मिलिंदभाऊंनी फोन आत, पोत्यांच्या खोलीत हलवलाय. दाराऐवजी पडदा. पडद्यामागचं सगळं ऐकू येतं, पण माणसानं मन लावून शिवलाय.

१० जाने. ९७

शाळा सुटल्यावर आबा फाटकाशी थांबलेले. पंचायत समितीला उभे आहेत.

"बाई, तुमच्या लोकांला येवढंच सांगा, आबाकडं कुनाचं गुपित फुटत न्हाई. खोटं बोला म्हनत न्हाई मी."

खोटं नव्हतंच ते. माझ्याइतकं कुणाला माहीत? मान डोलावली मी आणि म्हटलं, "सांगते. आधी गायरानावरचा अर्ज मागं घ्या."

"त्ये येगळं आन् ह्ये येगळं हाय, बाई."

"तुम्हाला वेगळं आहे. गायरानात घर माझं आहे."

रागावले नाहीत. मग मोटरसायकलला किक मारून गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

माझ्या तोंडचं एक वाक्य त्यांना हवं होतं आणि मी ते दिलं नाही, याचा घरी येईपर्यंत अभिमान वाटला. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "पर बाई, त्यानं तुझं राखलं." तेही खरं.

मंगळवारी भा.ना फोन करून लग्नाची तारीख कळवायची आहे. कुठून, ते ठरलेलं नाही.