जोलीची हाडे ओनोरीनला

मी, फिर्मँ लाकोसाद, वय तेवीस, राहणार पॅरिस, प्राण्यांच्या मूर्ती घडवणारा, आज भर दुपारी, दारूचा थेंबही न घेता, स्वतःच्या हाताने ही माझी शेवटची इच्छा लिहीत आहे. कायद्याचे शिक्षण मी दुसऱ्या वर्षी सोडले. तरी असल्या कागदाला साक्षीदार लागत नाहीत, एवढे कळण्याइतका वर्गात बसलो होतो. साक्षीदार घेतोय ते उद्या कोणी ‘पोराचं डोकं ठिकाणावर नव्हतं’ म्हणू नये म्हणून.

उद्या सकाळी सात वाजता व्हँसेनच्या रानात लेआंद्र वात्रँ आणि मी वीस पावलांवरून एकमेकांवर पिस्तूल झाडणार आहोत. मी मेलो तर पुढीलप्रमाणे व्हावे.

एक. कायद्याची पुस्तके वडिलांना परत. जोडून आलेली पाने अजून कापलेलीसुद्धा नाहीत. धाकट्याला नवी म्हणून देता येतील.

दोन. माझ्या चिरफाडीच्या सुऱ्या गुरुजी मस्यू गोबियार यांना. तीन वर्षे त्यांच्या सिंहांचे पंजे मी केले आणि खाली सही त्यांनी केली. त्यांनी आजवर एकाही जनावराच्या कातडीखाली पाहिलेले नाही. आता या वयात जमणार नसेल, तर पावाला लोणी लावावे.

तीन. माझ्या पलंगाखालच्या पेटीत एका शिकारी कुत्रीचा सांगाडा आहे. उकळून, घासून, तारेने बांधलेला. तो ओनोरीन वात्रँ हिला द्यावा. जोली तिचीच कुत्री.

ओनोरीन ही ब्राँझच्या ओतशाळेच्या मालकाची मुलगी, लेआंद्रची बहीण. तिच्यासाठी मी जोलीची मातीची मूर्ती करत होतो. सहा आठवडे खपलो. ती आली, मूर्तीभोवती फिरली आणि सगळ्या कामगारांसमोर म्हणाली, “मस्यू फिर्मँ, तुमच्या कुत्रीला हाडं नाहीत.” सगळे हसले. तीही हसली.

त्या आठवड्यात जोली हरवली. ती मी मारली. उशीने, कारण सुरीची खूण साच्यात उमटली असती. अंगावर तेल चोपडले, पळत्या पवित्र्यात टांगली आणि थेट तिच्यावर प्लास्टर ओतून साचा घेतला. ओनोरीन गल्लोगल्ली तिला हाका मारत फिरत होती, मीही कंदील घेऊन सोबत होतो. तेवढे दिवस तिने माझा हात धरला. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

चूक एकच झाली. कानाच्या पोकळीत तेल पुरले नाही. त्या साच्यातली प्लास्टरची मूर्ती प्रदर्शनासाठी ब्राँझमध्ये ओतायला ओतशाळेत गेली, तिथे साच्याच्या सांध्यांच्या उरलेल्या कडा ओनोरीनच खरवडते. कानात तिला जोलीचे तीन पांढरे केस सापडले.

लेआंद्रने निरोप धाडला : प्रदर्शनाच्या परीक्षकांसमोर कबूल कर की मूर्ती घडवलेली नाही, मढ्यावरून उचललेली आहे, नाहीतर पिस्तूल. कुत्री मारली हे मी चौकात उभा राहून सांगेन. पण मला मूर्ती घडवता येत नाही, हे मी सांगणार नाही.

चार. मी हवेत गोळी झाडणार नाही. लेआंद्र वाचला, तर ती माझ्या नेमाची चूक समजावी, दया नव्हे.

पाच. काल मी ओनोरीनला चिठ्ठी पाठवली होती : तू एकदा स्वतःच्या तोंडाने सांग, मी तुझ्या भावाची माफी मागेन. तिच्या ओतशाळेत ब्राँझ घासणारे क्रेपँबाबा आत्ताच आले. चिठ्ठी तिने वाचली, म्हणाले, आणि भट्टीत टाकली. मग टोपी हातात फिरवत राहिले.

“पोरा, उद्याची गोळी लेआंद्रने नाही ओतली. तिने ओतली.”

रडत होती का, विचारले.

“नाही. गोळीला साच्याची कड राहिली होती, ती घासून गुळगुळीत केली.”

म्हणून हे शेवटचे कलम. डॉक्टरने माझ्या अंगातून ती गोळी काढली, तर कोणालाही देऊ नये. माझ्या मुठीत ठेवून मला पुरावे. तिने माझ्यासाठी केलेली ती एकच वस्तू आहे.

फिर्मँ लाकोसाद
पॅरिस, ९ फेब्रुवारी १८४७

समक्ष :
क्रेपँ दुबोस्क, ब्राँझ घासणारा
पेलाजी रुसँ, विधवा, घरमालकीण (वाचून दाखवले, सही केली, पण मान्य नाही)