साठ वाव आणि दोन खिळे

आबा, काल तुमच्या हातची वायर मोजली. पोटमाळ्यावर वेटोळं सापडलं, त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी होती आणि तिच्यावर तुमच्या अक्षरात ‘१२ वाव’, म्हणजे दोन्ही हात पसरून बारा मापं. चिठ्ठी उलटी केली तर मागे खांद्याच्या व्यायामाची चित्रं. म्हणजे ही वायर तुम्ही शिडीवरून पडल्यानंतर मोजलेली. ते कळल्यावर ती परत ठेवून देणं मला जमलं नाही.

मी आता पर्वत पाटियाजवळच्या एका केबलच्या गोदामात आहे. साइटवरून परत आलेली वेटोळी तपासून त्यांवर लांबी लिहायची, हे माझं काम. त्यासाठी हातात मावणारा टेस्टर असतो. वायरच्या दोन टोकांना दोन चिमटे लावायचे, तांबं किती जाडीचं आणि किती तापलेलं ते सांगायचं, की तो तारेचा रोध मोजून मीटर दाखवतो. वेटोळं सोडावं लागत नाही. तुम्ही हसला असतात. पण त्याच्याही खोडी आहेत. पत्र्याखाली तापलेली वायर आणून लगेच मोजली आणि तापमान खोलीचं दिलं, तर आकडा फुगतो. टोक काळं पडलेलं असेल तरी फुगतो. म्हणून तुमची वायर मी रात्रभर खोलीत राहू दिली, दोन्ही टोकं खरवडून तांबं लाल दिसेपर्यंत साफ केली, आणि तीन वेळा मोजली. तिन्ही वेळा वीस मीटरच्या किंचित वर. बाराने भागलं. एका वावेला एकशे अडुसष्ट सेंटीमीटर. हा आकडा येणं शक्य नव्हतं. का, ते मला चांगलं माहीत आहे.

तुमचा खांदा निखळला तेव्हा मी बी.एस्सी.ला होते. डॉक्टरांनी भिंतीला पाठ लावून हात पसरायला सांगितलं होतं. तुमची वाव साडेपाच फूट, हे उधन्याच्या कारखान्यांत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोसाडच्या आपल्या खोलीत मी भिंतीवर पेन्सिलीने दोन उभ्या रेघा ओढल्या, एकशे अडुसष्ट सेंटीमीटर अंतरावर. डाव्या हाताची बोटं डाव्या रेघेवर ठेवायची आणि उजवी दुसऱ्या रेघेपर्यंत न्यायची. दर रविवारी उजवा हात पोचेल तिथे मी खूण करायची. एकशे पंचावन्नवर खुणा एकमेकींवर पडू लागल्या. हात तिथून पुढे गेला नाही. तुम्ही कामावर जायला लागलात, आणि रेघा तशाच राहिल्या.

उधन्याच्या कारखान्यात डबा घेऊन आले तो दिवस मला आजही स्वच्छ दिसतो. तुम्ही केबल वावेने मोजताय, आणि मी टेप काढून शेवटचा तुकडा ताडून बघतेय. तुम्ही थांबता. “काय मोजी ऱ्हायनी व माय? मन्हा हातवर तुन्हा भरोसा नही का?” शेजारच्या लूमवरचा माणूस ओरडतो, “काका, छोकरी तो साहेब थई गई!” सगळे हसतात, तुम्हीही हसता. मी टेप पिशवीत टाकते आणि घरी येते. तो तुकडा खरंच कमी होता का, हे मी बघितलंच नाही. राग फक्त हसण्याचा होता.

पुढच्याच आठवड्यात मागच्या शेडला केबल टाकायचं काम निघालं. नकाशावर शंभर मीटर. आदल्या संध्याकाळी जेवताना तुम्ही म्हणालात, साठ वाव, आणि हाताशी दोन जास्त. केबल कापली, जमिनीखालच्या पाइपातून ओढली, आणि ती पॅनलच्या चार मीटर अलीकडे संपली. पाइपात सांधा तुम्ही जन्मात दिला नव्हता. त्या दिवशी दुसऱ्या कुणी तरी दिला, तुम्ही बाजूला उभे राहिलात. शेठ चांगला माणूस होता, आवाजही चढवला नाही त्याने. “काका, हवे आराम करो ने,” आता आराम करा, एवढंच म्हणाला. त्यानंतर तुम्ही ओळखीच्या घरांत पंखे, दिवे बसवत राहिलात. कारखान्यात परत गेला नाहीत.

मग बारा वावांत वीस मीटर कसे? मी टेस्टर बाजूला ठेवला आणि खोलीभर नजर फिरवली. कपडे वाळत घालायची दोरी ज्या दोन खिळ्यांना बांधलेली आहे, ते खिळे मी वीस वर्षं रोज बघतेय. दोरी सोडून टेप लावला. एकशे अडुसष्ट. आईला विचारलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “तुन्हा आबानी ठोकेल शेतस त्या. पोरना रेघवर ठोकस म्हने, तिन्ह माप चुकत नही. वायर गुंडायेत त्यावर. दोरी तं मी मांगून बांधी.” म्हणजे माझ्याच दोन रेघांवर खिळे, खिळ्यापासून खिळ्यापर्यंत एक वाव, आणि दोरी नंतरची.

आबा, लोकांना मी नेहमी सांगत आले की त्या केबलला तुमचा खांदा नडला. ते खोटं नाही. पण आदल्या संध्याकाळी तुम्ही साठ आणि दोन म्हणालात, तेव्हा मी प्रॅक्टिकलच्या वहीच्या शेवटच्या पानावर बासष्ट गुणिले एकशे पंचावन्न केलं होतं. शहाण्णव मीटर. तुम्ही समोर पाणी पीत होतात. मान राखायचा म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. मान वगैरे काही नव्हतं. तुम्ही एकदा चुकलेलं मला बघायचं होतं. त्याने तुमचं काम सुटेल असं वाटलं नव्हतं. पण वाटलं असतं तर बोलले असते का, हेही मी आज खात्रीने लिहू शकत नाही.

हे लिहिलेलं या वहीतच राहील. दोरी परत बांधली आहे. आईला खिळ्यांमधलं अंतर सांगितलं. गुणाकाराचं तिलाही सांगितलं नाही.