बारा खुर्च्या आणि माझी उजवी टाच

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

उपवासकाळ सुरू. लोक चाळीस दिवस मटण सोडतात, दारू सोडतात. मी यंदा वरच्या लेव्हलचं सोडलं: कौतुकाची अपेक्षा. ईस्टरपर्यंत कोणी मला चांगलं म्हणावं अशी इच्छा धरायची नाही. देव बघतो, तेवढं पुरे.

हा संकल्प अकरा जणांना सांगितला. शेजारी लडक्या राहतो, त्याने विचारलं, म्हणजे मटण खाणार का? त्याला अध्यात्म कळत नाही.

फादरनी माझ्या कपाळावर राख इतरांपेक्षा ठळक लावली. मुद्दाम पुसली नाही. तलासरी नाक्यावर दोन फेऱ्या मारल्या. चहावाला म्हणाला, काका, कपाळाला काहीतरी लागलंय.

२२ फेब्रुवारी, रविवार

चर्चच्या मिस्सात बायबलचं दुसरं वाचन माझं होतं. उत्तम झालं. शाळेत तीस वर्षं शिपाई होतो, वर्गावर्गात नोटिसा वाचून आवाज कमावलाय. नंतर चर्चच्या दारापाशी उभा राहिलो, फक्त वीस मिनिटं. कौतुकासाठी नाही, तिथे सावली असते. कोणी काही बोललं नाही. संकल्प छान चाललाय.

लाडकी, माझी बायको, आज असती तर घरी येताना म्हणाली असती, आज बेस वाचलास. बायको म्हणून नाही, मनापासून म्हणायची. वाचनाच्या वेळी डुलक्या काढायची, ते वेगळं. दोन वर्षं झाली तिला जाऊन.

१ मार्च, रविवार

आजचं वाचन घरी परत करून मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि वापीला माझ्या मुलीला, संगिताला पाठवलं. तिला वडिलांचा आवाज ऐकावासा वाटत असेल. चार तासांनी अंगठा आला. अंगठा कौतुकात धरायचा नाही, असं ठरवलं. (पण बघितला पाच-सहा वेळा.)

८ मार्च, रविवार

मोठी बातमी. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुणार, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. दरवर्षीचाच विधी. पण यंदा फादर नवे आहेत, बारा जण स्वतः निवडणार आहेत. नावं आदल्या दिवशी घरोघर कळवणार. हे सांगताना ते सरळ माझ्याकडे बघत होते. माझ्यामागच्या भिंतीवर घड्याळ आहे हे मला माहीत आहे. घड्याळाकडे माणूस असं बघत नाही.

चौतीस वर्षं वाचन करतोय, त्या खुर्चीवर एकदाही बसलो नाही. यंदा नक्की. हे कौतुक नव्हे, विधी आहे. संकल्पात बसतं.

घरी येऊन पाय तपासले. परिस्थिती वाईट. उजव्या टाचेच्या भेगेत काडेपेटीतली काडी उभी राहील असं वाटलं. लावून बघितली. राहिली. धुतल्यावर फादर पायाचं चुंबन घेतात. तरुण माणूस आहे, त्यांचा विचार करायला हवा.

११ मार्च, बुधवार

डहाणूला गेलो. इथे नाक्यावर घेतलं असतं तर गावभर झालं असतं. टाच घासायचा दगड, क्रीम, नेलकटर. दुकानदार गुजराती. क्रीम बांधून देताना त्याने विचारलं, काकी माटे? हो म्हणालो. काकी रोज लावेल तर पंधरा दिवसांत फरक पडेल, म्हणाला. सांगतो म्हणालो.

येताना जीपमध्ये पिशवी मांडीवर धरून बसलो होतो.

१७ मार्च

रोज दोन वेळा घासणं चालू. डावा पाय झकास, लहान मुलासारखा. उजवा हट्टी. दुकानातला दगड फारच नाजूक निघाला. उद्यापासून विटेचा तुकडा.

१८ मार्च

वीट ही कल्पना चुकीची नव्हती. जोर जरा जास्त लागला. हळद भरली आहे.

२३ मार्च, सोमवार

टाच सुजली. चप्पल घालता येत नाही. काळजीचं कारण नाही, अजून दहा दिवस आहेत. संगिताला फोन केला. ती कंपनीत ड्युटीवर होती. संध्याकाळी करते म्हणाली.

२४ मार्च

संध्याकाळ काल होती. ओव्हरटाइम लागला असेल.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

फेरीत हातात झावळी घेऊन लंगडत शेवटपर्यंत चाललो. सूज कमी आहे, पण टाच टेकवत नाही. फादरनी बघितलं. थांबून विचारलं, नविनकाका, काय झालं? वेदीवर वाचन करणाऱ्या माणसाने विटेने टाच फोडून घेतली हे सांगणं बरं दिसलं नसतं. म्हणालो, गुडघा धरलाय, प्रार्थनेला फार वेळ टेकतो ना. फादर एकदम गंभीर झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच थोडा वेळ राहू दिला.

निवड पक्की. खांद्यावर कोणी हात ठेवून बरेच दिवस झाले होते.

१ एप्रिल, बुधवार

सकाळी सातपासून ओटीवर बसलो. निरोप नवशी आणते, चर्चची झाडलोट तीच करते. साडेअकराला आली. आधी लडक्याच्या घरात शिरली. बहुतेक पाणी प्यायला.

मग माझ्याकडे आली. लाडकीचं मोठं जर्मनचं पातेलं हवं होतं, पाय धुवायच्या पाण्यासाठी. दरवर्षी आपलंच जातं. आणखी काही निरोप? नाही म्हणाली. जुन्या माणसाला वेगळं काय कळवायचं, असा फादरनी विचार केला असणार. पातेलं चकचकीत घासून दिलं.

नवे मोजे काढून ठेवले.

३ एप्रिल, शुभ शुक्रवार, सकाळ

काल मिस्साला अर्धा तास आधी जाऊन पहिल्या बाकावर बसलो. वेदीपाशी बारा खुर्च्या होत्या. फादरनी बारा नावं वाचली. बारा जण वर गेले. खुर्च्या भरल्या.

पाचवीवर लडक्या. हा माणूस वर्षात दोनदा चर्चला येतो. पाय घासलेले नाहीत, नखांत वाडीतली माती. फादर त्याच्यापुढे गुडघ्यावर बसले. आमच्या पातेल्यातलं पाणी घेऊन पाय धुतले, टॉवेलने हळूहळू टिपले, पायाला ओठ लावले. लडक्या सगळ्यांसमोर लहान पोरासारखा रडला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. धूप फार होता.

नंतर फादर शोधत माझ्यापाशी आले. गुडघा कसा आहे? मग म्हणाले, काका, लिस्टमध्ये तुमचंच नाव पहिलं लिहिलं होतं. पण वेदीच्या तीन पायऱ्या, आणि तुमचा गुडघा असा. तुम्हाला त्रास नको म्हणून लडक्याला घेतलं. मी म्हणालो, बरं केलंत फादर.

नाव पहिलं होतं.

लडक्या वाटेत भेटला. म्हणाला, तुझ्या जागी मला बसवला, राग नको मानू. राग कसला, म्हणालो आणि पुढे चालू लागलो. मोजे तसेच पायात होते.

४ एप्रिल, शनिवार, दुपार

नवशी पातेलं देऊन गेली. दारातूनच गेली, तिला चर्च सजवायचं होतं. उद्या ईस्टर.

त्याच पातेल्यात पाणी तापवलं आणि अंगणात पाय बुडवून बसलो. टाच झोंबली. गुडघ्याला काहीही झालेलं नाही, हे निदान इथे तरी खरं लिहितो. आणि संकल्प राखेच्या बुधवारी, लडक्याला सांगतानाच मोडला होता. कोणीतरी मला चांगलं म्हणावं असं मला फार वाटतं. रोज वाटतं. देव बघतो यावर माझा विश्वास आहे. पण तो बघतो आणि गप्प बसतो. लाडकी न बघता बोलायची.

दोन्ही पाय स्वतःच धुतले, पुसले. चांगले दिसत होते. आजूबाजूला कोणी नाही बघून एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, बेस.

कोंबडी दचकून बाजूला झाली. पुन्हा एकदा म्हटलं. लाडकी म्हणायची तसं काही आलं नाही.