न पुसलेले तळवे

ग्वांगचौ, शनिवार

रुईयुनच्या आईस,

पोरगी ठणठणीत आहे. डावं मनगट जरा सुजलंय, ते मी स्वतः बांधलं. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. तुझा गुडघा कसा आहे?

काल तिचा पाण्यातला खेळ पाहिला. रंगमंच म्हणजे अख्खं तळंच. त्यातून निथळत आलेली पोर उंच फळीवर उभ्या असलेल्या तिच्या जोडीदाराच्या, खांगच्या खांद्यांवर चढली, आणि त्या शहाण्यानं तिचे तळवे पुसले नाहीत! आपल्या गावात कसरत करताना खालचा माणूस खांद्यावर चढणाऱ्याचे पाय स्वतः पुसतो, दुसऱ्यावर सोडत नाही. मला कुणी गुरू नव्हता, तरी खांदा देण्याच्या बावीस वर्षांत मी हे एकदाही चुकवलं नाही.

व्हायचं तेच झालं. उजवा पाय घसरला आणि ती आडवी पाण्यात आदळली. लोकांना वाटलं, खेळच तो. टाळ्यांचा कडकडाट!

मी आत जाऊन खांगला झापलं. म्हणतो, "काका, खाली पाणीच तर होतं!"

"तेवढ्या उंचीवरून गाल आपटून बघ, मग सांग."

दिग्दर्शक तर खूश. म्हणे, आता रोज असंच पड.

मी रुईयुनला म्हटलं, "सामान बांध."

तर तुझी लेक म्हणते, "बाबा, दोन वर्षं न चुकता उभी राहिले, कुणी बघितलं नाही. काल पडले, तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते."

माझं डोकं अजून तापलेलंच आहे. पण आठवडाभर इथेच राहतो. पडायचंच असेल, तर नीट पडायला तरी शिकवतो.

तुझा,
शौशान